उतारा कसा वाचावा?

नोव्हेंबर महिन्याचा अखेरचा रविवार जवळ आला की पुण्यातील पुष्कळ सुशिक्षित घरांत एक निराळीच धांदल सुरू होते. घरातील पदवीधर मुलगा किंवा मुलगी प्रवेशपत्र आणि ओळखपत्र दोनदोनदा तपासून पाहते, आई वेळेवर चार घास खाऊन घेण्याचा आग्रह धरते, आणि शहराच्या कडेला असलेल्या परीक्षाकेंद्रापर्यंत पोचविण्याची जबाबदारी वडील आपल्याकडे घेतात. व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणाचे दार जिने उघडते ती ‘कॅट’ नावाची प्रवेशपरीक्षा अलीकडील काही वर्षांत याच रविवारी होत आली आहे. परीक्षा आटोपून उमेदवार घरी परतला की ‘पेपर कसा गेला?’ या प्रश्नास ठरीव उत्तर मिळते : “गणित बरे गेले, पण उताऱ्यांना वेळ पुरला नाही.”

एवढ्या एका वाक्यावरून घरात रोगाचे निदान होते. मुलाचे इंग्रजी कच्चे आहे, त्याचा वाचनाचा वेग मंद आहे, असे सर्वांच्या मते ठरते, आणि औषधेही त्याच बेताची सुचविली जातात. कोणी तीन हजार कठीण शब्दांची यादी पाठ करावयास सांगतो, कोणी जलद वाचनाच्या वर्गाचा पत्ता देतो. मुलगाही मनाशी खूणगाठ बांधतो की, मराठी शाळेत शिकल्याचे हे फळ असून त्यास आता इलाज नाही. या निदानाने एक वर्ष जाते, पैसा जातो, आणि त्याहून मोलाची गोष्ट, म्हणजे स्वतःच्या बुद्धीवरील विश्वास, हीही पुष्कळदा जाते. हे निदान खरे असते तर त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नव्हते. परंतु बहुतेक उमेदवारांच्या बाबतीत ते खरे नसते. दोष डोळ्यांच्या वेगात किंवा शब्दसंग्रहात असण्याऐवजी वाचण्याच्या पद्धतीत असतो, आणि पद्धत ही कोणत्याही वयात बदलता येते.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. कलकत्ता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. आज अशा संस्थांची संख्या वीसच्या वर गेली असून २०२३ साली मुंबईचेही नाव त्यांत आले. या संस्था आळीपाळीने कॅट परीक्षा घेतात, आणि २००९ सालापासून ती संगणकावर होते. तिचे तीन भाग आहेत : पहिला भाषा व वाचन यांचा, दुसरा माहितीचे विश्लेषण व तर्क यांचा, आणि तिसरा गणिताचा. २०२० सालापासून प्रत्येक भागास ४० मिनिटे असतात, आणि एका भागातून वाचलेला वेळ दुसऱ्या भागाकडे वळविता येत नाही. भाषेच्या भागात अलीकडील वर्षांत २४ प्रश्न येतात. त्यांपैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात, म्हणजे या भागाचे दोन तृतीयांश वजन निव्वळ वाचनावर आहे. उतारे साधारणतः पाचशे शब्दांच्या आसपास असतात. त्यांचे विषय तत्त्वज्ञान, इतिहास, पर्यावरण, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र असे कोठलेही असू शकतात. बरोबर उत्तरास तीन गुण मिळतात, आणि चार पर्यायांतील चुकीचा पर्याय निवडल्यास एक गुण वजा होतो.

आता ‘वेळ पुरला नाही’ या तक्रारीचा हिशेब मांडून पाहू जाता काय आढळते? उताऱ्यांव्यतिरिक्त उरलेल्या आठ प्रश्नांना प्रत्येकी दीड मिनिट दिले तर १२ मिनिटे जातात. चार उताऱ्यांकरिता २८ मिनिटे राहतात, म्हणजे प्रत्येक उताऱ्यास ७ मिनिटे. इंग्रजी माहितीपर गद्य मनातल्या मनात वाचण्याचा प्रौढ वाचकाचा सरासरी वेग मिनिटास २३८ शब्द असतो, असे मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखविले. पुण्याच्या उमेदवाराचा वेग याहून बराच कमी, समजा मिनिटास १५० शब्दच, धरला तरी पाचशे शब्दांचा उतारा ३ मिनिटे २० सेकंदांत वाचून होतो. चार प्रश्नांना ३ मिनिटे ४० सेकंद उरतात, म्हणजे प्रत्येकी ५५ सेकंद. हा वेळ ऐसपैस नाही, पण पुरेसा आहे. मात्र हाच उमेदवार तोच उतारा दोनदा वाचू लागला तर वाचनातच ६ मिनिटे ४० सेकंद जातात, आणि चार प्रश्नांना मिळून वीस सेकंद राहतात.

सारे मर्म या हिशेबात आहे. पहिले वाचन मंद असल्यामुळे वेळ जात नाही. पहिल्या वाचनात हाती काही न लागल्यामुळे दुसरे करावे लागते, आणि त्यात तो जातो. डोळे ओळींवरून फिरले, शब्दही ओळखीचे वाटले, परंतु लेखक काय म्हणतो हे शेवटी सांगता आले नाही, म्हणून प्रश्न वाचून उमेदवार पुन्हा उताऱ्याकडे धावतो, आणि प्रत्येक प्रश्नागणिक धावतो. अशा वाचकास वेग वाढविण्याचा सल्ला देणे म्हणजे गळक्या घागरीने पाणी भरणाऱ्यास लवकर लवकर खेपा घालावयास सांगण्यासारखे आहे. कीथ रेनर व त्यांचे सहकारी यांचा जो प्रदीर्घ आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्षही हाच आहे की, वेग आणि अचूकता यांची नेहमीच देवघेव असते, आणि आकलन न गमावता वेग दुप्पट-तिप्पट करून देण्याच्या दाव्यांना आधार सापडत नाही.

मग वाचणे म्हणजे नेमके काय? कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातील एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९१७ साली या प्रश्नाचा छडा लावण्याचा यत्न केला. शाळकरी मुलांना एक लहान परिच्छेद देऊन त्याने काही सोपे प्रश्न विचारले. परिच्छेद समोरच होता आणि पाठ करावयाचे काहीच नव्हते, तरीही उत्तरे विलक्षण चुकली. चुकांची छाननी केल्यावर त्यास असे दिसून आले की, मुलांनी एखाद्या शब्दास अवाजवी महत्त्व दिले होते आणि दुसऱ्यास दिलेच नव्हते. ‘जर’, ‘खेरीज’, ‘किंवा’ यांसारखे लहान शब्द, ज्यांवर सारा अर्थ झुलत असतो, ते त्यांच्या हातून निसटले होते. थॉर्नडाइकने निष्कर्ष काढला तो असा की, परिच्छेद वाचणे हे गणिताचे उदाहरण सोडविण्यासारखेच असून वाचन म्हणजे विचारच होय. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी प्रवेशपरीक्षेस बसणाऱ्या पदवीधराची चूक त्या मुलांच्या चुकीहून फारशी निराळी नाही.

उतारा हा बहुधा एक वाद असतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात धरावी. त्यात माहिती असते, परंतु ती वादाच्या सेवेस लावलेली असते. या देशातील वाचकास वादाची रीत अनोळखी असण्याचे कारण नाही. आपल्या शास्त्रग्रंथांत प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले जाते, त्यास पूर्वपक्ष म्हणतात. नंतर त्यावर आक्षेप येतात, आणि अखेरीस ग्रंथकाराचा सिद्धान्त येतो. पूर्वपक्षासच जो सिद्धान्त समजून चालला, त्याने ग्रंथ वाचला नाही तो बरा. आधुनिक इंग्रजी निबंधाची चालही पुष्कळदा अशीच असते. “सामान्यतः असे मानले जाते की” या धर्तीची सुरुवात झाली की पूर्वपक्ष आला असे ओळखावे. “तथापि” आला की लेखकाने आपला पाय पुढे टाकला असे समजावे.

पुणे शहराची तर या बाबतीत परंपराच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली येथे सुरू झाली, आणि दीर्घ निबंध चवीने वाचणारा वर्ग तिने तयार केला. १८८१ साली मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’ अशी दोन पत्रे एकाच मंडळींनी काढली. १८८७ पर्यंत ‘केसरी’चे संपादक असलेल्या आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केला. त्यात मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर असत, आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. पुढे संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला व १८९१ साली तो कायदा झाला, तेव्हा ‘केसरी’ विरुद्ध बाजूस आणि ‘सुधारक’ अनुकूल बाजूस होता. त्या दिवसांतील जो पुणेकर दोन्ही पत्रे वाचीत असे, त्यास लेखकाचे स्वतःचे मत कोणते, त्याने खोडण्याकरिता उद्धृत केलेले मत कोणते, आणि आपले स्वतःचे मत कोणते, या तीन गोष्टी निराळ्या ठेवाव्याच लागत. आजच्या प्रवेशपरीक्षेचा उतारा नेमकी हीच कसोटी लावतो.

उदाहरणाखेरीज हे मनावर ठसणार नाही. पुढील मजकूर एखाद्या उताऱ्याचा भाग आहे असे समजावे :

“जुन्या वाड्यांची जागा सदनिकांनी घेतली म्हणून शेजारधर्म लोपला, असे पुष्कळांचे म्हणणे असते. वाड्यात नळ सामाईक, जिना सामाईक, अंगण सामाईक. म्हणून माणसे एकमेकांस धरून होती, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु सामाईक नळावर जशी मैत्री जुळली तशी भांडणेही जुंपली, हे ते विसरतात. वाड्याने माणसांना एकत्र आणले खरे. पण एकत्र येणे आणि आपलेपणा वाटणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आपलेपणा बहुधा तेथे उपजला, जेथे माणसांना एकमेकांची गरज होती. ती गरज जर इमारतीमुळे कमी न होता सुबत्तेमुळे कमी झाली असेल, तर सारा दोष सदनिकेच्या माथी मारणे अपुरे ठरेल.”

लेखकाचे मुख्य म्हणणे काय, या प्रश्नास चार पर्याय दिले आहेत असे समजू. पहिला : वाडे गेल्यामुळे शेजारधर्म नाहीसा झाला. दुसरा : वाड्यांत भांडणे फार होत, म्हणून सदनिकांतील जीवन अधिक सुखाचे आहे. तिसरा : जुने वाडे हा शहराचा ठेवा असून ते जतन केले पाहिजेत. चौथा : शेजारधर्म कमी होण्याचे कारण केवळ घरांच्या रचनेत शोधणे पुरेसे नाही.

पहिला पर्याय उताऱ्याच्या आरंभीच्या शब्दांशी इतका जुळतो की, घाईत वाचणारा तोच उचलतो. पण तो पूर्वपक्ष आहे. लेखकाने तो खोडण्याकरिताच मांडला आहे. दुसऱ्या पर्यायात उताऱ्यातील एक खरी गोष्ट, म्हणजे भांडणे, घेऊन तिच्यावर लेखकाने न चढविलेला मजला चढविला आहे. सदनिकांतील सुखाविषयी उताऱ्यात अवाक्षर नाही. तिसरा पर्याय पुण्याच्या वाचकास सर्वांत अधिक भुरळ घालील, कारण त्याचे स्वतःचे मत कदाचित तेच असेल. परंतु उतारा त्याविषयी काही बोलत नाही, आणि वाचकाचे मत कितीही योग्य असले तरी ते लेखकाच्या तोंडी घालता येत नाही. चौथा पर्याय फिका आणि बेताचा दिसतो. त्यात उताऱ्यातील ठळक शब्दही थोडेच आहेत. तथापि लेखक जेवढे म्हणतो तेवढेच तो म्हणतो, म्हणून उत्तर तेच.

याच मजकुरावर आणखी एक प्रश्न निघू शकतो : “सुबत्तेमुळे माणसांना एकमेकांची गरज राहिली नाही, असे लेखकाने दाखवून दिले आहे काय?” पुष्कळ उमेदवार ‘होय’ म्हणतील. उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. लेखकाने ‘जर... असेल, तर’ एवढेच म्हटले आहे. एक शक्यता पुढे ठेवून तिचा परिणाम त्याने सांगितला. ती खरी असल्याचा पुरावा दिला नाही. थॉर्नडाइकच्या विद्यार्थ्यांच्या हातून जे लहान शब्द निसटले, त्यांपैकीच हा ‘जर’ आहे. बाजारात विकत घेतलेल्या कठीण शब्दांच्या याद्यांत असे शब्द नसतात, आणि गुण मात्र त्यांच्याच मागे जातात.

कठीण शब्दांची भीती अगदीच निराधार आहे असे नव्हे. परभाषेतील मजकूर स्वतंत्रपणे नीट समजावयास त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द परिचयाचे असावे लागतात, असा हू आणि नेशन या संशोधकांचा २००० सालचा निष्कर्ष आहे. पाचशे शब्दांच्या उताऱ्यात याचा अर्थ असा होतो की, दहा शब्द अडले तरी गाडी अडत नाही. ज्याचे प्रत्येक ओळीत दोन शब्द अडतात, त्याने इंग्रजी वाचन वाढविलेच पाहिजे, आणि ते याद्यांनी न वाढविता सोप्यापासून कठीणाकडे जाणाऱ्या पुस्तकांनी वाढवावे. परंतु पदवीपर्यंत इंग्रजीतून शिकलेल्या विद्यार्थ्याचे शब्द इतके अडत नाहीत. त्याने अडलेल्या शब्दापाशी थबकून न राहता, त्या वाक्याचे वादातील काम कोणते एवढे पाहावे. वाक्य दाखला देते की आक्षेप घेते, हे कळले म्हणजे एखाद्या अपरिचित विशेषणावाचून काही बिघडत नाही.

विषयाचे अपरिचितपण ही दुसरी खरी अडचण. रेख्ट आणि लेस्ली या दोन संशोधिकांनी १९८८ साली अमेरिकेतील शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्ची असूनही खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. क्रिकेटचे वृत्त वाचणाऱ्या कोणाही मराठी घरास याचे नवल वाटणार नाही. तात्पर्य, वाचनाचे कौशल्य पोकळीत वाढत नाही. त्यास ज्ञानाची जोड लागते. वाणिज्य किंवा अभियांत्रिकी यांच्या विद्यार्थ्याने वर्षभर आठवड्यास एखादा तरी निबंध आपल्या विषयाबाहेरचा वाचावा. एकदा इतिहासाचा, एकदा जीवशास्त्राचा, एकदा कलेचा. ज्या शहरात १८४८ साली पुणे नगर वाचन मंदिराचा पाया घातला गेला, त्या शहरात वाचनालयाचे सभासद होणे हे प्रवेशपरीक्षेच्या तयारीत का मोजले जाऊ नये?

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याकडे आता वळले पाहिजे, कारण खऱ्या अर्थाने पणास लागलेले असते ते त्याचे. कॅनडातील जिम कमिन्स यांनी १९७९ सालापासून असे मांडले आहे की, वाद समजून घेणे, सारांश काढणे, अनुमान करणे ही कौशल्ये एका भाषेत कमावली म्हणजे दुसऱ्या भाषेत उपयोगी पडतात, मात्र त्या दुसऱ्या भाषेचा पुरेसा परिचय हवा. हे खरे असेल तर मराठीचे भांडवल फुकट जात नाही. ज्यास मराठी अग्रलेखातील पूर्वपक्ष ओळखता येतो, त्याने निम्मे काम केलेले असते. आणि ज्यास मराठीतही तो ओळखता येत नाही, त्याच्या चुकांचे खापर इंग्रजीच्या माथी फोडणे अन्यायाचे होय. म्हणून परीक्षा स्वतःची स्वतः घ्यावी. एखादा कसदार मराठी अग्रलेख वाचून, कागद उलटा ठेवून, लेखकाचे म्हणणे दोन वाक्यांत सांगावे. ते साधले तर दोष इंग्रजीत आहे असे समजून इंग्रजी वाढवावे. ते साधले नाही तर दोष पद्धतीत आहे, आणि तो प्रथम मराठीतच दुरुस्त करणे सोपे जाईल.

दुरुस्तीचा मार्ग साधा आहे; तो नेमाने चालणे तेवढे कठीण. रोज एकच उतारा घ्यावा. पहिले काही आठवडे घड्याळ बाजूस ठेवावे. प्रत्येक परिच्छेद संपला की क्षणभर थांबून, ‘येथे लेखकाने काय केले?’ हा प्रश्न मनास विचारावा. परिच्छेदात काय सांगितले हे विचारण्यापेक्षा काय केले हे विचारणे अधिक फलदायी असते. दुसऱ्याचे मत मांडले, त्यावर शंका घेतली, दाखला दिला, मर्यादा घातली, अशी चारपाच शब्दांची नोंद समासात पुरते. उतारा संपल्यावर त्याचे सार घरातील कोणास तरी मराठीत सांगावे. एका भाषेत वाचून दुसऱ्या भाषेत सांगताना उताऱ्यातील शब्दांची नक्कल करता येत नाही, आणि समजले आहे की नाही याचा निवाडा तेथल्या तेथे होतो. आईवडिलांना व्यवस्थापनशास्त्र येण्याची येथे गरज नाही, ऐकता ऐकता “म्हणजे काय?” असे विचारण्याची सवड तेवढी हवी. महागड्या वर्गाहून ही पाच मिनिटे काही कमी मोलाची नाहीत.

दुसरे साधन म्हणजे चुकांची वही. उत्तर चुकले की बरोबर उत्तर पाहून पान उलटणे हा सार्वत्रिक प्रघात आहे, आणि शंभर उतारे सोडवूनही गुण जागचे हलत नाहीत त्याचे कारण हेच. चूक कोणत्या जातीची झाली ते लिहावे : पूर्वपक्षास सिद्धान्त मानले, लेखकाहून अधिक बोललो, स्वतःचे मत घुसडले, की ‘जर’, ‘काही’, ‘बहुधा’ असा लहान शब्द सुटला. महिनाभराने वही चाळली असता बहुतेकांना आढळते की, चुका अनेक जातींच्या नसून एकदोनच जातींच्या आहेत. शत्रू ओळखल्यावर लढाई सोपी होते. यानंतर घड्याळ लावावे. प्रथम उताऱ्यास दहा मिनिटे, मग हळूहळू सात.

गुणांचे गणितही समजून घ्यावे. कॅटमध्ये चार पर्यायांपैकी कोणताही डोळे मिटून निवडला तर चारांत एकदा तीन गुण मिळतात आणि तीनदा एकेक जातो, म्हणजे पदरात शून्य. एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला तर उरलेल्या तिहींतून निवडण्यात किंचित लाभ आहे, आणि दोन बाद करता आले तर लाभ स्पष्ट आहे. यास्तव ‘बरोबर कोणता’ यापेक्षा ‘चूक कोणता, आणि का’ हा प्रश्न आधी विचारणारा उमेदवार पुढे जातो. महाराष्ट्राच्या सामायिक प्रवेशपरीक्षेचा नियम निराळा आहे. तेथे १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नास सरासरी ४५ सेकंद, आणि चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. तेव्हा तेथे एकही प्रश्न कोरा सोडणे हे नुकसानच. परीक्षेगणिक नियम बदलतात, आणि नियमांनुसार धोरण बदलावे. वाचण्याची रीत मात्र एकच राहते.

शेवटी हेही ध्यानात घेणे उचित होईल की, व्यवस्थापन संस्थांनी वाचनास इतके वजन उगीच दिलेले नाही. अहमदाबादच्या संस्थेत प्रत्यक्ष प्रकरणे वाचून त्यांवर चर्चा करण्याची पद्धत आरंभापासून आहे. तेथे रात्री वाचलेल्या पानांवर सकाळी वर्गात निर्णय द्यावा लागतो. पुढे नोकरीत तेच चालते. एखादा अहवाल, एखादा करार, कामगारांचे एखादे निवेदन यांत लिहिणाऱ्याने जे म्हटले ते न वाचता आपल्या मनातले वाचणारा व्यवस्थापक स्वतःचे नुकसान करतोच, पण त्याच्या हाताखालील माणसांचेही करतो. ‘जर’ सुटल्यामुळे परीक्षेत तीन गुण बुडतात; कारखान्यात त्याची किंमत दुसऱ्यांनी भरावी लागते.

म्हणून पुढील रविवारी जो उमेदवार घरी परतून “वेळ पुरला नाही” असे म्हणेल, त्यास लगेच शब्दांची यादी किंवा वर्गाचा पत्ता देऊ नये. त्यास शांतपणे एवढेच विचारावे : “चार उताऱ्यांपैकी एकाचा तरी लेखक काय म्हणत होता, ते सांग पाहू.” ते तो सांगू शकला तर त्याची तयारी योग्य वाटेवर आहे, थोड्या सरावाने वेळ आपोआप पुरू लागेल. आणि सांगता आले नाही, तरीही त्याचे इंग्रजी किंवा त्याची बुद्धी कच्ची ठरत नाही. काम कोठून सुरू करावयाचे तेवढे त्यास कळले, आणि ते त्याच संध्याकाळी, घरात आलेल्या वर्तमानपत्रापासून, सुरू करता येते.